तांबोशी : दोन घरांचा मासा

झाशीच्या मानिक चौकातून समुद्र फार दूर आहे. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी खंबायतच्या आखातापर्यंत सुमारे ७०० आणि मुंबईपर्यंत सुमारे ९०० किलोमीटर अंतर भरते. येथल्या बाजारात मासा म्हटला की रोहू आणि कतला हीच नावे ओठांवर येतात. पापलेट, सुरमई किंवा तांबोशी ही नावे ऐकून पुष्कळांना तो केवळ परगावचा उल्लेख वाटेल. तथापि झाशीचा आणि कोकणच्या खाड्यांचा संबंध अगदीच नाही असे नव्हे. ज्या नेवाळकर घराण्याने झाशीवर राज्य केले, त्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. कोकणातून निघून बेतवेच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी देव आणले, सण आणले, भाषा आणली; खाडी मात्र मागे राहिली. प्रस्तुत लेखात त्या मागे राहिलेल्या खाडीतील एका रहिवाशाची ओळख करून द्यावयाची आहे.

हा रहिवासीही जन्मभर एके ठिकाणी राहत नाही. त्याचे बालपण खाडीच्या गढूळ पाण्यात, कांदळवनाच्या मुळांमध्ये जाते. प्रौढ झाल्यावर तो किनारा सोडतो आणि खुल्या समुद्रातील खडकाळ, प्रवाळयुक्त तळावर जाऊन राहतो. म्हणजे त्याला घरे दोन. यांपैकी एक घर मोडले तर दुसरे कितीही सुरक्षित असले तरी त्याचा वंश टिकणार नाही. या माशाच्या जीवनक्रमातील मुख्य गोष्ट हीच होय, आणि त्याच्याविषयीच्या इतर सर्व गोष्टी तिच्याभोवती गुंफलेल्या आहेत.

नाव आणि त्यामागची कथा

इंग्रजीत या कुलातील माशांना ‘स्नॅपर’ म्हणतात. जबडा फटकन मिटून भक्ष्य पकडणारा, असा त्या शब्दाचा भाव आहे. त्याला एखादा संस्कृतप्रचुर प्रतिशब्द घडवावा असा मोह भाषांतरकाराला होतो. परंतु किनाऱ्यावरील मच्छीमारांनी हे काम पूर्वीच करून ठेवलेले आहे. अंगाच्या तांबूस रंगावरून त्यांनी याला ‘तांबोशी’ किंवा ‘तांब’ म्हटले. बाजारात तांबड्या अंगाच्या इतरही काही जातींना हेच नाव देतात. आपण येथे विचार करणार आहोत तो खाडीत वाढणाऱ्या मोठ्या तांबोशीचा. शास्त्रीय परिभाषेत तिला लुटजानस अर्जेंटिमॅक्युलेटस असे नाव आहे. ‘लुटजानस’ हा शब्द मलाया द्वीपसमूहातील एका माशाच्या स्थानिक नावावरून आला, तर ‘अर्जेंटिमॅक्युलेटस’ म्हणजे रुपेरी ठिपक्यांचा. लुटजॅनिडी या तिच्या कुलात जगभर शंभराहून अधिक जाती आहेत व त्यांपैकी बहुतेक उष्ण कटिबंधात राहतात.

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन पेटर फोर्सकाल या तरुण निसर्गशास्त्रज्ञाने केले. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानच्या अभ्यासासाठी पाठविलेल्या मंडळीत तो होता. तांबड्या समुद्राच्या काठी त्याने मासे, कवचधारी प्राणी व वनस्पती यांची बारकाईने टिपणे केली; परंतु १७६३ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, येमेनमध्ये हिवतापाने त्याला गाठले. त्याचे इतर सोबतीही एकामागून एक मृत्यू पावले. एकटा कार्स्टेन नीबूर तेवढा जगला. तो मुंबईस आला, वर्षाहून अधिक काळ येथे राहिला, घारापुरीच्या लेण्यांची चित्रे काढली आणि पुढे खुष्कीच्या मार्गाने स्वदेशी परतला. आपल्या दिवंगत मित्राची टिपणे त्याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. तांबोशीचे शास्त्रीय नाव त्याच ग्रंथात प्रथम छापले गेले. एखाद्या माशाच्या नावापुढे लिहिलेले साल आपण सहज वाचून जातो. त्या सालामागे कधी कधी असे एक आयुष्य उभे असते.

रूप आणि शरीररचना

तांबोशीचे शरीर लांबट, दोन्ही बाजूंनी काहीसे चपटे आणि बळकट असते. तोंड मोठे, जबडे भक्कम आणि पुढच्या भागात सुळ्यांसारखे टोकदार दात. पाठीवरच्या परात पुढे दहा कठीण काटे आणि मागे तेरा-चौदा मऊ अर दिसतात. गुदपरात तीन काटे असतात. मासे साफ करताना या काट्यांनी बोटे रक्तबंबाळ होण्याचा अनुभव कोकणातील गृहिणींना नवा नाही.

रंग वयाप्रमाणे आणि वस्तीप्रमाणे पालटतो. पिलाच्या अंगावर सुमारे आठ फिकट आडवे पट्टे व गालावर एक-दोन निळसर रेषा असतात. मुळांच्या जाळीतून झिरपणाऱ्या उन्हसावलीत असे पट्टेरी अंग सहज लपून जाते. वय वाढते तसे पट्टे पुसट होतात. खाडीतील मोठ्या माशाची पाठ हिरवट तपकिरी असते, तर खोल पाण्यातून काढलेला मासा बहुधा सर्वांगी तांबडा असतो. यालाही कारण आहे. सूर्यप्रकाशातील तांबडा घटक पाण्यात थोड्याच खोलीवर शोषला जातो. म्हणून खोल पाण्यात तांबडे अंग तांबडे दिसतच नाही. ते काळपट भासते आणि अंधारात मिसळते. बाजारात ज्या रंगामुळे हा मासा नजरेत भरतो, तोच रंग समुद्रतळाशी त्याला लपवतो.

सामान्यतः तांबोशी ८० सेंटिमीटरपर्यंत वाढलेली आढळते. १५० सेंटिमीटर ही तिची नोंदलेली कमाल लांबी आहे. तिची अटलांटिक महासागरातील एक भावंड जात, क्यूबेरा, याहूनही मोठी होते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांपर्यंत आणि जपानच्या दक्षिणेकडील बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत तांबोशीचा वावर आहे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यानंतर तांबड्या समुद्रातील ज्या जातींनी भूमध्य समुद्रात प्रवेश केला, त्यांत हिचाही समावेश होतो. लेबाननच्या किनाऱ्यावर ती सापडलेली आहे.

खाडीतील बालपण

कोकणच्या नद्या लांबीने तोकड्या. सह्याद्रीवरून वेगाने उतरतात आणि समुद्राजवळ आल्या की त्यांच्या खाड्या होतात: वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, वाघोटणची विजयदुर्ग खाडी. या खाड्यांच्या काठी तिवर, कांदळ, चिपी अशा झाडांची वने असतात. भरतीच्या वेळी त्यांची मुळे पाण्याखाली जातात, ओहोटीला उघडी पडतात. गळून पडलेली पाने चिखलात कुजतात. त्यांवर सूक्ष्म जीव पोसतात, त्या जीवांवर कोलंबी, खेकडे व लहान मासे जगतात. समुद्रात जन्मलेली तांबोशीची पिले भरतीबरोबर जेव्हा खाडीत शिरतात, तेव्हा त्यांना येथे दोन गोष्टी एकदम मिळतात. भक्ष्य विपुल असते. आणि मोठ्या शिकारी माशांना जेथे शिरता येत नाही अशी मुळांची आडोशाची जागा असते.

तांबोशी स्वतःही शिकारी आहे. दिवसा ती मुळांच्या, खडकांच्या किंवा बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशाला स्वस्थ असते. रात्री बाहेर पडून खेकडे, कोलंबी व लहान मासे खाते. तिचा हल्ला आकस्मिक असतो, आणि भक्ष्य तोंडात येताच ती पुन्हा आपल्या आडोशाकडे वळते. गळाला लागलेली तांबोशी दोर मुळांत गुंतवून तोडते, त्यामागे हीच सवय आहे.

काही पिले खाडीतच थांबत नाहीत. ती नदीच्या गोड्या पाण्यापर्यंत वर चढतात. येथे एक शंका साहजिकच मनात येईल. समुद्रात जन्मलेला जीव गोड्या पाण्यात तगतो कसा? त्याचे उत्तर समजण्यासाठी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण त्याच्या साधारण एक-तृतीयांश असते. म्हणून समुद्रात असताना माशाच्या शरीरातील पाणी कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून सतत बाहेर ओढले जाते. चारी बाजूंना पाणी असूनही मासा ‘तहानलेला’ राहतो. ही तूट तो समुद्राचे पाणी पिऊन भरून काढतो आणि त्याबरोबर आलेला जादा क्षार कल्ल्यांतील विशिष्ट पेशींच्या द्वारे बाहेर टाकतो.

गोड्या पाण्यात नेमके उलट घडते. आता शरीरापेक्षा बाहेर क्षार कमी, म्हणून पाणी आत शिरत राहते व क्षार निसटू पाहतात. अशा वेळी मासा पाणी पिणे जवळजवळ थांबवतो, मूत्रपिंडे पुष्कळ व पातळ मूत्र बाहेर टाकतात आणि कल्ल्यांतील पेशी आसपासच्या पाण्यातून क्षार वेचून आत घेऊ लागतात. तेच कल्ले, तीच मूत्रपिंडे; कामाची दिशा मात्र उलट. बहुतेक सागरी माशांना हा पालट साधत नाही. तांबोशीला तो साधतो, आणि म्हणूनच दिवसातून दोनदा खारटपणा बदलणाऱ्या खाडीत तिची पिले सुखाने वाढतात.

घराचा त्याग

काही वर्षे खाडीत काढल्यावर तांबोशी समुद्राची वाट धरते. हा निव्वळ तर्क नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात शास्त्रज्ञांनी नद्यांत व खाड्यांत पकडलेल्या कोवळ्या माशांच्या अंगात क्रमांकाच्या खुणा अडकवून ते पुन्हा पाण्यात सोडले. त्यांपैकी काही मासे पुढे किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रात सापडले. प्रौढ तांबोशी शंभर मीटरहून अधिक खोलीपर्यंत जाते व खडकांच्या कपारींजवळ, प्रवाळांच्या आसपास राहते.

उत्तर हिंदुस्थानातील वाचकांना या प्रवासाची कल्पना हिलसा माशाच्या उदाहरणाने अधिक चांगली येईल. हिलसा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतो. एके काळी तो बंगालच्या उपसागरातून गंगेने थेट प्रयागपर्यंत येत असे. १९७५ मध्ये फराक्का येथील बंधारा सुरू झाला आणि बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस हिलसा जवळजवळ दिसेनासा झाला. त्याचे समुद्रातले घर शाबूत होते, नदीतलेही होते. मधली वाट बंद झाली. तांबोशीचा क्रम याच्या उलट आहे: अंडी समुद्रात, वाढ खाडीत. परंतु धडा तोच. दोन घरांच्या जीवाला दोन्ही घरे तर लागतातच, शिवाय त्यांना जोडणारा रस्ताही लागतो.

खोल पाण्यातील जीवनाची एक खूण तिच्या शरीरात आहे. पाण्यात तरंगण्यासाठी माशाच्या पोटात वायूने भरलेली पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. तांबोशीच्या वाताशयाला बाहेर उघडणारी नळी नसते. त्यातील वायू रक्तावाटे सावकाश कमी-जास्त केला जातो. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे साठ मीटर खोलीवर तो पृष्ठभागाच्या सातपट असतो. तेथून मासा झटकन वर ओढला तर वाताशयातील वायू सातपट फुगू पाहतो, आणि पुष्कळदा जठर तोंडावाटे बाहेर ढकलले जाते. असा मासा ‘लहान आहे’ म्हणून पाण्यात परत सोडला तरी त्याला खाली जाता येत नाही. खोल समुद्रातील मासेमारीत चूक सुधारण्याची संधी क्वचितच मिळते.

प्रजोत्पादन आणि वयाची नोंद

तांबोशीमध्ये नर व मादी जन्मभर वेगळे राहतात. हे सांगण्याचे कारण असे की, खाडीतील तिचा शेजारी जिताडा या बाबतीत निराळा आहे. जिताडा सामान्यतः आधी नर म्हणून प्रौढ होतो व पुढे त्याची मादी होते. तांबोशीची मादी समुद्रात एका हंगामात अनेकदा अंडी सोडते आणि त्यांची संख्या लाखांत असते. एकेक अंडे एका मिलिमीटरहूनही लहान, पारदर्शक आणि तरंगणारे. उष्ण पाण्यात एका दिवसाच्या आत त्यातून डिंभ बाहेर पडतो. प्रारंभी तो पोटाखालील पिवळ्या बलकावर जगतो. दोन-तीन दिवसांत तोंड उघडते आणि मग सूक्ष्म प्राणिप्लवक मिळाले तरच तो पुढे तगतो. लाखो अंड्यांपैकी बोटावर मोजण्याइतकीच पिले खाडीच्या मुखाशी पोहोचत असतील, हे यावरून सहज ध्यानात येईल.

माशाचे वय कसे ओळखावे? त्याच्या कानाच्या पोकळीत चुन्याचे लहान खडे असतात. त्यांना कर्णाश्म म्हणतात. शरीराचा तोल सांभाळण्यास व ऐकण्यास ते उपयोगी पडतात. मासा वाढतो तसा कर्णाश्मावर थर चढत जातो. वाढीच्या व मंदीच्या ऋतूंप्रमाणे थरांत फरक पडतो. कर्णाश्माचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडातील वलयांसारखी वलये दिसतात व ती मोजून वय सांगता येते. या रीतीने तपासलेल्या तांबोशींपैकी काही तीस वर्षांहून अधिक वयाच्या निघाल्या. बाजारात वजनावर विकला जाणारा एखादा मोठा मासा त्याला कापणाऱ्या तरुणाहून वयाने वडील असू शकतो.

प्रौढ होण्यासही हिला बराच काळ लागतो. क्वीन्सलँडमधील अभ्यासात माद्या साधारण अर्धा मीटर लांब झाल्यावरच अंडी घालण्यायोग्य झालेल्या दिसल्या. त्याआधीची सर्व वर्षे वाढीची. आणि त्यांतील पहिली वर्षे खाडीतली, म्हणजे मनुष्याच्या जाळ्यापासून हाताच्या अंतरावरची.

येथे एक हिशेब मुद्दाम देत आहोत. तो मेक्सिकोच्या आखातातील तांबड्या स्नॅपरचा, म्हणजे तांबोशीच्याच वंशातील दुसऱ्या एका जातीचा आहे. ६१ सेंटिमीटर लांबीची एक मादी जितकी अंडी देते, तितकी देण्यास ४२ सेंटिमीटर लांबीच्या २१२ माद्या लागतात. लहान मादीचे वजन प्रत्येकी सुमारे १.१ किलो. म्हणजे त्या २१२ माद्यांचे एकत्रित वजन मोठ्या मादीच्या वजनाच्या कितीतरी पट भरते. अंड्यांचे माप मात्र दोन्हीकडे सारखे. वजनाच्या काट्याला एक किलो म्हणजे एक किलोच. समुद्राचा हिशेब वेगळा आहे. वृद्ध मादी ही त्याच्या लेखी बियाण्याचे कोठार होय.

मनुष्य आणि तांबोशी

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर तांबोशीला चांगला मान आहे. तिचे मांस पांढरे, घट्ट आणि रुचकर असते. मोठ्या डोक्याचे कालवण करतात व तुकड्या तळतात. खाडीत ती पागाने व गळाने सापडते, समुद्रात दोरीच्या गळाने आणि जाळ्याने. या पकडीवर पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ चालतो. म्हणून ‘मासा पकडू नका’ असा उपदेश करणे सोपे असले तरी शहाणपणाचे नाही. प्रश्न किती आणि कोणता मासा पकडावा हा आहे.

पहिल्या घराची, म्हणजे कांदळवनाची, स्थिती पाहू. अनेक वर्षे कांदळवन ही पडीक जागा समजली जात असे. तोडलेले लाकूड जळणाला, भराव घातलेली जमीन बांधकामाला, अशी तिची वासलात लागली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई करणारा आदेश दिला आणि २०१८ मध्ये अंतिम निर्णय देऊन त्यांचे संरक्षण पक्के केले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. भारतीय वनस्थिती अहवालात महाराष्ट्रातील कांदळवनाचे क्षेत्र २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर, तर २०२१ मध्ये ३२४ चौरस किलोमीटर असे नोंदले गेले. ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि झाडे उभी असली म्हणजे घर राहण्याजोगे असतेच असे नाही. खाडीत सांडपाणी व कारखान्यांचे दूषित पाणी येत असेल, भरतीचे पाणी बांध घालून अडवले असेल किंवा बारीक आसाच्या जाळ्याने पिले खरवडून काढली जात असतील, तर बाहेरून हिरवे दिसणारे घर आतून रिकामे होऊ शकते.

दुसरे घर समुद्रात आहे. मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आढळतात. तेथे १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्राचे सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली बुडालेले एक विस्तीर्ण प्रवाळपठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्यावरून त्याला ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. असे खडकाळ उंचवटे हे तांबोशीच्या कुलातील माशांचे आवडते ठिकाण. परंतु राज्याच्या मत्स्यविषयक कायद्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच पोहोचते. त्यापलीकडील समुद्र केंद्र शासनाच्या अखत्यारीत येतो. म्हणजे तांबोशीचे बालपण राज्याच्या वनविभागाच्या छायेत जाते, तारुण्य मत्स्यविभागाच्या पाण्यात आणि वार्धक्य त्याही पलीकडे. तिच्या दृष्टीने हा एकच अखंड प्रवास आहे. आपण मात्र त्याचे तीन दप्तरांत तीन तुकडे केले आहेत. एका दप्तराने उत्तम काम केले आणि दुसऱ्याने केले नाही, तर त्या उत्तम कामाचे फळही हाती लागणार नाही.

मत्स्यपालनाने हा प्रश्न सुटेल काय? आग्नेय आशियात तांबोशी पिंजऱ्यांत पाळण्याचा उद्योग बराच रुळलेला आहे. फिलिपाइन्समधील मत्स्यकेंद्रात १९९० नंतरच्या दशकात बंदिस्त माद्यांपासून अंडी मिळवून पिले वाढवण्यात यश आले. आपल्याकडेही पश्चिम किनाऱ्यावर तरंगत्या पिंजऱ्यांत या माशाची वाढ करून पाहण्यात आली आहे. हा मार्ग आशादायक आहे. मात्र एक अट पाळली पाहिजे. पिंजऱ्यात सोडण्याची पिले अंडी-उबवण केंद्रातून यावयास हवीत. ती खाडीतूनच गोळा केली, तर पाळीव मासा वाढेल आणि खाडीतला घटेल; एका खिशातून काढून दुसऱ्यात ठेवल्याने धन वाढत नाही.

म्हणून सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुना उपाय पुन्हा पुढे येतो: लहान मासा सोडून देणे आणि काही मोठ्या माद्या समुद्रात राहू देणे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पन्नासहून अधिक सागरी जातींसाठी पकडीचा किमान आकार ठरवून दिला. त्यामागील तत्त्व एवढेच की, प्रत्येक माशाला मरण्यापूर्वी निदान एकदा अंडी घालण्याची संधी मिळावी. उशिरा प्रौढ होणाऱ्या तांबोशीच्या बाबतीत हे तत्त्व सर्वाधिक निकडीचे आहे. सुदैवाने खाडीच्या उथळ पाण्यात गळाला लागलेले पिलू वाताशयाला इजा न होता परत सोडता येते. खोल समुद्रात जी सवलत मिळत नाही ती खाडीत मिळते, आणि पिले तर खाडीतच असतात.

झाशीतील वाचकाने यात काय करावे, असा प्रश्न कोणी विचारील. बेतवेचे पाणी हमीरपूरजवळ यमुनेला मिळते, यमुना प्रयागला गंगेत मिसळते आणि गंगा बंगालच्या उपसागराला. त्या उपसागराच्या काठच्या कांदळवनांतही हीच जात वाढते. नदीत सोडलेली घाण शेवटी कोणाच्या तरी बालपणीच्या घरात जाऊन पडते, एवढे ध्यानात ठेवण्यासाठी समुद्र पाहिलेला असण्याची आवश्यकता नाही.

आणि सुटीत कोकणात किंवा गोव्यात जाण्याचा योग आलाच, तर मासळीबाजारात एक लहानसा प्रयोग करून पाहावा. त्यासाठी उपकरण लागत नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, ज्याला आपण एक हात म्हणतो, ते प्रौढ माणसाचे साधारण ४५ सेंटिमीटर भरते. टोपलीतील तांबोशीशेजारी आपला हात धरावा. मासा हाताहून आखूड असेल, तर त्या मादीने अजून एकही अंडे घातलेले नसण्याचाच संभव अधिक. हाताहून चार बोटे लांब असेल, तर ती नुकतीच त्या उंबरठ्यावर आलेली आहे. कोळीण भाव सांगेल तो वजनाचा. हाताने सांगितलेली गोष्ट मात्र पुढच्या वर्षीच्या टोपलीविषयीची असेल.